कमाटीबागेतला युरोप आणि जुन्या गोव्यातला

बडोद्याला गेलेला मराठी माणूस कमाटीबागेत गेला नाही असं सहसा होत नाही. कागदोपत्री ती सयाजीबाग, पण लोकांच्या तोंडी कमाटीबागच. मुलांना घेऊन गेलात तर ती म्युझियममध्ये आधी देवमाशाच्या अवाढव्य सांगाड्याकडे धावतात, मग इजिप्तच्या ममीकडे. तिथून चित्रदालनात पोचेपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात आणि बरेचजण तिथूनच परत फिरतात. माझंही पहिल्या खेपेला तेच झालं होतं. दुसऱ्या खेपेला मात्र ठरवून थेट चित्रांकडेच गेलो.

म्युझियमची मुख्य इमारत १८९४ सालची. तिला लागून असलेल्या चित्रदालनाचं बांधकाम १९०८ मध्ये सुरू झालं आणि १९१४ मध्ये पुरं झालं. पण नेमकं त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि युरोपात खरेदी केलेली चित्रं तिकडेच अडकून पडली. दालन उघडायला १९२१ साल उजाडलं. चित्रांच्या निवडीसाठी सयाजीराव महाराजांनी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाचा सल्ला घेतला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा गोपाळ १८७५ साली दत्तक होऊन गादीवर आला, आणि पुढे त्याने व्हेनिस, स्पेन, हॉलंड, इंग्लंडची चित्रं आपल्या प्रजेसाठी आणवली. नुसती महालात टांगण्यासाठी नव्हे, रयतेने बघावीत म्हणून!

तिथल्या पाट्यांवर वेरोनीझे, जोर्दानो, सुर्बारान अशी नावं दिसतात. काटेकोर बोलायचं तर यातला वेरोनीझेच (१५२८-१५८८) खरा रेनेसाँसचा, म्हणजे प्रबोधनकाळाचा. बाकीचे दोघे पुढच्या, सतराव्या शतकातले. अशा जुन्या चित्रांखालची नावं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी चित्रकार एकटा बसून चित्र काढत नसे. त्याचा कारखाना असे. रंग घोटणारे, पार्श्वभूमी भरणारे, वस्त्रं रंगवणारे शागीर्द असत. उस्ताद आखणी करी आणि मुख्य चेहऱ्यांवर हात फिरवी. त्यामुळे कुठला कुंचला कोणाचा, हा वाद जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतही चालूच असतो.

हेच लोक काचेसाठीही आराखडे करत. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाखालच्या गोल खिडक्यांची चित्रं दोनातेल्लो, गिबेर्ती, उच्चेल्लो यांनी काढून दिली. पूर्ण मापाचं चित्र कागदावर काढायचं, त्याबरहुकूम कारागिराने रंगीत काचेचे तुकडे कापायचे आणि शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे. निळ्या रंगासाठी कोबाल्ट, पिवळ्यासाठी चांदीचा क्षार. अक्षरशः उजेडाने रंगवलेलं चित्र!

ही विद्या बडोद्यातही पोचली. १८९० साली पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये जमिनीवर व्हेनिसचं मोझाइक आहे आणि खिडक्यांत युरोपातून आलेली रंगीत काच. पण त्या काचांत संत नाहीत, आपले देव आहेत. चर्चसाठी वाढलेली कला, तिच्यात पुराणातल्या कथा. राजा रविवर्म्याने तेलरंगाच्या बाबतीत हेच केलं, तेही सयाजीरावांच्याच आश्रयाने. त्याच्या पौराणिक चित्रांचे पुढे छापे निघाले आणि ते घरोघर पोचले. आमच्या गोव्यातल्या जुन्या घरांच्या चौकातही ते कित्येकांनी पाहिले असतील.

आता गोव्याचं नाव निघालंच आहे तर मनातलं सांगतो. प्रबोधनकाळातलं चित्र बघायला मी बडोद्यापर्यंत गेलो, पण ते माझ्या घरापासून तासाभरावर होतं! गार्सिया फेर्नांदिश या पोर्तुगीज चित्रकाराने १५४० च्या सुमारास जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलसाठी संत कॅथरिनच्या जीवनावरचे फलक रंगवले. आल्बुकर्कने गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर १५१० हा दिवस या संतिणीचा, म्हणून तिचा हा मान. बडोद्यात पहिलं युरोपीय चित्र लागण्याच्या कितीतरी आधी ही कला मांडवीच्या काठावर उतरली होती.

मग आम्ही ती कधी आपली म्हणून का पाहिली नाही? कारण उघड आहे. बडोद्याला ती एका राजाने पैसे मोजून, आवडीने आणवली. गोव्यात ती विजेत्याच्या गलबतातून आली, आणि तिच्या मागोमाग देवळं पडली, १५६० साली इन्क्विझिशन आलं. ज्यांच्या पूर्वजांनी रातोरात देव पालखीत घालून नदीपार नेले, त्यांना त्या फलकांसमोर उभं राहताना अवघडल्यासारखं होणारच. त्यात चूक काही नाही.

पण एक गोष्ट विसरू नये. खुद्द वेरोनीझेलाही १५७३ साली व्हेनिसच्या इन्क्विझिशनपुढे उभं राहावं लागलं होतं. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात विदूषक आणि जर्मन शिपाई कशाला घातलेस, हा त्याच्यावरचा आक्षेप. त्याने चित्राचं नावच बदललं आणि सुटका करून घेतली. म्हणजे कुंचला आणि सत्ता एकाच गलबतातून आले तरी ते एक नव्हेत.

सयाजीरावांनी रयतेला परक्या कलेकडे निर्भयपणे बघायला शिकवलं. आम्हाला तर ते आमच्याच अंगणात शिकायचं आहे, दुखणं न विसरता. पुढच्या वेळी पाहुणे आले की त्यांना जुन्या गोव्यात नेताना नुसतं फोटो काढून परतू नका. आत जाऊन त्या फलकांविषयी विचारा. ते आपल्याच मातीत पावणेपाचशेहून जास्त पावसाळे काढून बसले आहेत.