शहाऐंशी डॉलरांची बँक

आपल्या खिशातल्या शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. ती कोणाची आहे, हे आपण सहसा वाचूनही पाहत नाही. ही निश्चिंती फार जुनी मात्र नव्हे. १८४० साली निघालेली बँक ऑफ बॉम्बे स्वतःच्या नोटा काढीत असे. १८६१ च्या कायद्याने सरकारने तो अधिकार आपल्याकडे घेतला. अमेरिकेत तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गावोगावच्या बँका नोटा छापीत. तेव्हा सही वाचावीच लागे. अशाच एका गावच्या बँकेची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य. तेथील ग्लॉस्टर या शेतकरी भागात चेपाचेट नावाचे खेडे आहे. तेथे १८०४ साली ‘फार्मर्स एक्स्चेंज बँक’ स्थापन झाली. सनदेत भागभांडवल १,००,००० डॉलर लिहिले होते. पण लिहिणे वेगळे आणि भरणे वेगळे. संचालकांनी आपले भाग रोख पैसे न देता वचनचिठ्ठ्या लिहून घेतले. तरीही चार वर्षे बँक बरी चालली, कारण गाव लहान होते आणि व्यवहारही लहानच होता.

आता नोटेचे मर्म काय, ते पाहा. नोट म्हणजे वचन. ती घेऊन बँकेच्या दारात जावे आणि तितक्या डॉलरांची चांदी मागावी. पण दारात जायचे कोणी? बॉस्टनच्या व्यापाऱ्याच्या हाती चेपाचेटची दहा डॉलरांची नोट आली, तर ती वटवायला पन्नासेक मैलांची वाट तुडवायची. त्यापेक्षा थोडी सूट देऊन ती दुसऱ्याच्या गळ्यात मारलेली बरी! म्हणजे बँक जितकी लांब आणि आडवळणाला, तितकी तिची नोट घरी उशिरा परतणार. आणि नोट बाहेर फिरते आहे तोवर बँकेला एक पैसाही मोजावा लागत नाही.

ही मेख ज्याने बरोबर हेरली, तो बॉस्टनचा तरुण वकील अँड्र्यू डेक्स्टर. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री सॅम्युअल डेक्स्टर हे त्याचे काका. बाहेरगावच्या नोटांचा वटाव करणारी ‘बॉस्टन एक्स्चेंज ऑफिस’ ही पेढी त्याच्या हाती होती. शिवाय त्याला बॉस्टनमध्ये एक टोलेजंग इमारत उभारायची होती. तिचे नाव ‘एक्स्चेंज कॉफी हाऊस’. मजले सात. देशात तेव्हा तितके उंच असे फारसे काही नव्हते. एवढा पैसा आणायचा कुठून? १८०८ साली त्याने चेपाचेटची बँकच विकत घेतली, आणि संचालकांना जी किंमत दिली तीही बँकेच्याच पैशातून!

मग त्याने बँकेकडून कर्ज घ्यायला आरंभ केला. त्यासाठी त्याने लिहून दिलेला दस्तऐवज वाचला की हसावे की रडावे ते कळत नाही. मुदत दोन वर्षांची, व्याज दरसाल शेकडा दोन. आणि पुढे अट अशी की, डेक्स्टरला स्वतःला योग्य वाटेपर्यंत त्याच्याकडे पैशाचा तगादा लावू नये. तोच मुख्य भागधारक असल्यामुळे परतफेडीची योग्य वेळ त्यालाच अधिक कळणार! असला कर्जरोखा आपल्याकडचा कुठलाही सावकार दारातून परत पाठवील.

बँकेचा कॅशियर हा त्या काळी तिचा कारभारीच असे. नोटेवर त्याने हाताने सही करायची. डेक्स्टरची त्याला पत्रांवर पत्रे येत होती : सह्या लवकर करा, रात्री करा, गुपचूप करा, लोकांना संशय येऊ देऊ नका. खेड्यातल्या त्या माणसाने दिव्याच्या उजेडात किती बोरू झिजवले असतील कोण जाणे! त्या सह्यांचे कागद बॉस्टनला जात आणि तिथे त्यांच्या विटा होत, तुळया होत, मजुरीही होई.

अखेर बॉस्टनचे व्यापारी खवळले. नेथन ॲपल्टनसारख्यांनी खेडोपाडीच्या नोटा गोळा करून ज्या त्या बँकेच्या दारात पाठवण्याचा सपाटा लावला. डेक्स्टरचा सारा डोलारा अंतरावर उभा होता, आणि यांनी अंतरच मोडून काढले. मार्च १८०९ मध्ये बँक बुडाली. विधिमंडळाच्या समितीने तिजोरी उघडली, तेव्हा आत रोकड होती शहाऐंशी डॉलर आणि वर काही सेंट. बाहेर नोटा होत्या पाच लाख डॉलरांहून अधिक! अमेरिकेतले हे पहिले मोठे बँकबुडीचे प्रकरण मानतात.

यात गेले कोणाचे? ज्याला बातमी आधी कळली, त्याने नोट खपवून टाकली. ज्याला शेवटी कळली, त्याच्या हातात ती राहिली. म्हणजे शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या, आठवड्याच्या मजुरीत ती घेणाऱ्याच्या. नोट नाकारली तर काम जाईल, ही भीती त्यांना होती. बॉस्टनच्या व्यापाऱ्याला ती नव्हती. इतिहासाच्या पुस्तकांत डेक्स्टरवर प्रकरणे आहेत. या लोकांवर मात्र दोन ओळीही सापडायची पंचाईत.

नोटांचे पैसे वेळेवर न देणाऱ्या बँकेला दरमहा शेकडा दोन दंड, असा कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याने लगोलग केला. बॉस्टनच्या सफोक बँकेने खेड्यांतल्या नोटा नियमाने वटवण्याची पद्धत बसवली, ती १८२० नंतरच्या दशकात.

डेक्स्टर नोव्हा स्कोशियात पळाला. पुढे तो दक्षिणेत ॲलाबामात गेला आणि तिथे त्याने एक गाव वसवले. तेच आजचे त्या राज्याचे राजधानीचे शहर, माँटगोमेरी! १८३७ साली तो मोबील येथे पीतज्वराने वारला. त्याची सातमजली इमारत तर त्याच्याही आधी, १८१८ च्या नोव्हेंबरात, जळून खाक झाली होती. चेपाचेटच्या नोटा मात्र अजून पुष्कळ शिल्लक आहेत. नाणी-नोटांचे संग्राहक आज त्या हौसेने विकत घेतात, आणि त्यांवरची कॅशियरची ती सही स्पष्ट वाचता येते.