वसईच्या विजयानंतर खेड्यांतील ख्रिस्ती समाज

वसईची मोहीम शके १६६१ वैशाखांत, म्हणजे इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत, फत्ते झाली. तिच्या घंटा कोठें गेल्या याची चौकशी आपल्याकडे पुष्कळ होते. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा तर प्रसिद्धच आहे. त्या घंटांच्या नादानें जे ख्रिस्ती कुळंबी-कोळी देवळांत जमत त्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

पोर्तुगीजांस हा मुलूख इ. स. १५३४ च्या तहानें मिळाला होता. दोनशें वर्षांची सत्ता गेली, किल्ल्यांतील फिरंगी कुटुंबें व युरोपीय पाद्री जहाजांत बसून निघून गेले, तेव्हां त्यांच्या आश्रयानें वाढलेला धर्मही खेड्यांतून जाईल, असें कोणासही वाटलें असतें. परंतु तसें झालें नाहीं. किल्ला देतांना ठरलेल्या कलमांत मागें राहणाऱ्या ख्रिस्त्यांस धर्माचरणाची मोकळीक होती, आणि एतद्देशीय पाद्री आपल्या माणसांजवळच राहिले. फ्रेंच प्रवासी आंकेतील द्यु पेराँ हा इ. स. १७६० मध्यें साष्टींतून गेला. मराठ्यांच्या अमलास तेव्हां एकवीस वर्षें झालीं होतीं. ठाण्यास त्यानें ख्रिस्त्यांचा उत्सव पाहिला. त्यास हजारों लोक जमले होते व पाद्री एतद्देशीय होता. हा साक्षीदार ना मराठा, ना पोर्तुगीज. म्हणून त्याच्या शब्दास आम्ही विशेष वजन देतों.

साष्टी इ. स. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेतली. वसई त्यांनीं १७८० त घेतली खरी, पण सालबाईच्या तहानें (१७८२) ती मराठ्यांकडे परत आली व पेशवाईच्या अखेरीपर्यंत बहुतेक त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे वसईकडील ख्रिस्त्यांच्या तीन-चार पिढ्या मराठी राज्यांत नांदल्या. जेत्यानें या लोकांस उखडलें नाहीं, एवढें तर यावरून उघड दिसतें. पण सारें श्रेय त्यासच देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. राजाश्रय तुटल्यावर पाद्र्याचा योगक्षेम, देवळाची डागडुजी व सणवार यांचा भार गांवकऱ्यांवरच आला असला पाहिजे.

त्यांचे वंशज आजही तेथें आहेत. त्यांपैकीं सामवेदी ख्रिस्ती (यांस कुपारी असेंही म्हणतात) जी बोली बोलतात, तीच त्यांचे शेजारी हिंदु सामवेदीही बोलतात.