एका गोळ्याची किंमत: मालवणच्या किनाऱ्यावरून लेझर शस्त्रांचा हिशेब

लेझर शस्त्रांवरचा कुठलाही लेख उघडा, एक तुलना हमखास सापडते. २०२३ च्या अखेरीपासून अमेरिकी नौदलाने लाल समुद्रात हुथींचे ड्रोन पाडायला क्षेपणास्त्रं वापरली. ड्रोन काही हजार डॉलरचे, पण त्यांच्यावर सोडलेली काही क्षेपणास्त्रं एकेक सुमारे २० लाख डॉलरची. याउलट, जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितलं की त्यांच्या ‘ड्रॅगनफायर’ लेझरच्या एका माऱ्याला साधारण १० पौंडांपेक्षा कमी खर्च येतो. म्हणजे आपले हजारेक रुपये. मग प्रश्न मिटलाच, नाही का?

मलाही तसंच वाटलं होतं. एका प्रकरणाच्या मसुद्यात मी तशी सारणीच केली होती: तोफगोळा, क्षेपणास्त्र, लेझर आणि समोर किंमत. गाईडनी ती पाहून एकच विचारलं, “हा खर्च शस्त्र उडवण्याचा आहे, की ते उडेल अशा स्थितीत ठेवण्याचा?” या प्रश्नाचं उत्तर मला लेझरच्या पुस्तकांत नाही, मालवणच्या इतिहासात सापडलं. म्हणून आधी तिकडे जाऊ.

दारू वाळवण्याचा खर्च

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सुमारे ३ किलोमीटर तट उभा राहिला. चारी बाजूंनी खारं पाणी, पावसाळ्यात भरपूर पाऊस. आता तोफेच्या दारूचा विचार करा. ती सोरा, गंधक आणि कोळसा यांची. दमट हवेत ती ओल धरते, आणि ओल धरलेली दारू ऐन वेळी दगा देते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (१७१५ च्या सुमारास) याची काळजी स्पष्ट दिसते. दारूखाना वस्तीपासून लांब असावा, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून उन्हं द्यावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावीत, असं त्यात सांगितलंय. पावसाळ्याआधी आरमार छावणीला आणण्याचा नियमही आहे.

हे वाचून मी थांबलो. एकही गोळा न उडवता वर्षभर चालणारा हा खर्च आहे: माणसं, जागा, पहारा, वाळवण. माझ्या सारणीत त्याला रकानाच नव्हता.

जिंकलेला किल्ला परवडेना

दुसरा धडा १७६५ चा. तेव्हा सिंधुदुर्ग करवीर दरबाराकडे होता. मुंबईकर इंग्रजांनी मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांना पाठवून तो घेतला आणि नाव ठेवलं ‘फोर्ट ऑगस्टस’. तोफांनी काम चोख केलं. पुढे काय झालं? किल्ला ठेवणं परवडेना. पाडायचा विचार झाला, पण एवढा तट पाडण्याचाही खर्च मोठा. शेवटी सुमारे ३ लाख ८३ हजार रुपये आणि व्यापाराला त्रास न देण्याची हमी, अशा अटींवर तो करवीरला परत करायचं ठरलं. मालवण इंग्रजांकडे कायमचं गेलं ते १८१२ च्या तहाने, म्हणजे कागदावर.

थोडक्यात, गोळ्याचा भाव इथे कुणालाच अडला नव्हता. अडली ती उस्तवार.

आता लेझर याच किनाऱ्यावर आणा

१३ एप्रिल २०२५ ला डीआरडीओने ३० किलोवॉट गटातल्या लेझरने ड्रोन पाडून दाखवला. ही चाचणी आंध्र प्रदेशातल्या कुर्नूलला झाली. कुर्नूलची हवा मालवणच्या मानाने बरीच कोरडी.

एक छोटं गणित करू. ३० किलोवॉटचा किरण १० सेकंद लक्ष्यावर धरला तर ३०० किलोज्यूल ऊर्जा लागते. अशा लेझरमध्ये ढोबळमानाने विजेचा तिसरा हिस्साच किरणात उतरतो असं धरलं, तर वीज लागली ९०० किलोज्यूल, म्हणजे पाव युनिट. घरगुती दराने दोन-तीन रुपये! ड्रॅगनफायरची ताकद थोडी जास्त धरली तरी वीजबिल १० पौंडांच्या जवळपासही जात नाही. म्हणजे त्या १० पौंडांत विजेशिवाय आणखी काहीतरी धरलंय. ‘प्रति मारा खर्च’ हा आकडा किती लवचिक असतो, ते इथेच दिसतं.

आणि उरलेल्या दोन हिस्से विजेची उष्णता होते. ती काढायला शीतकरण यंत्रणा, वीज पुरवायला जहाजावर जनरेटर किंवा बॅटऱ्या, आरशा-भिंगांवर मीठ बसू नये म्हणून देखभाल. त्यात जुलैतला मालवणचा समुद्र डोळ्यांपुढे आणा. पाऊस, धुकं आणि हवेतले खारे तुषार किरणाला विखुरतात. मग लक्ष्य जळायला जास्त वेळ लागतो. एका वेळी एकच लक्ष्य, तेही नजरेच्या रेषेत. झुंडीने ड्रोन आले तर प्रत्येक सेकंद मोलाचा.

म्हणून लेझर निरुपयोगी का? अजिबात नाही. वीज आहे तोवर त्याचा साठा संपत नाही, आणि लाल समुद्रातली खरी चिंता हीसुद्धा होती की क्षेपणास्त्रं संपली तर बंदरात जाऊन भरावी लागतात. पण ज्या दिवशी हवा साथ देणार नाही, त्या दिवसासाठी जहाजावर तोफ आणि क्षेपणास्त्र ठेवावंच लागणार. त्यामुळे लेझर आला की जुना खर्च लगेच जात नाही; बराच काळ तो वर चढतो. ‘स्वस्त मारा’ या शब्दांवर विसंबून दारूगोळ्याची तरतूद कापली, तर किंमत पैशांत नाही, जहाजावरच्या माणसांत मोजावी लागेल.

तुमच्या कामासाठी

संशोधनाचा आराखडा लिहिताना ‘स्वस्त’ किंवा ‘परवडणारं’ हा शब्द आला की तीन गोष्टी विचारा. खर्च कशाच्या मागे मोजलाय: माऱ्यामागे, पाडलेल्या लक्ष्यामागे, की वर्षामागे? वापर नसताना तो कोण भरतं? आणि आकडा कुठल्या हवेत, कुठल्या परिस्थितीत काढलाय?

माझ्या सारणीत आता एक रकाना वाढलाय. त्याचं नाव मी ‘वाळवण’ ठेवलंय. गाईडनी अजून तरी ते खोडलेलं नाही.