शिट्टी वाजवण्याआधी

साल १९८३. भर पावसाळा. तुम्ही मानोऱ्यात एस.टी.ची वाट बघत उभे आहात. चपलांना काळ्या मातीचा चिखल चिकटलाय, समोरच्या वावरात पऱ्हाटी गुडघ्याला लागलीय. मानोरा अजून अकोला जिल्ह्यात आहे. वाशीम जिल्हा होईल तो १९९८ साली. पानठेल्यावर कपिल देवच्या विश्वचषकाच्या गप्पा अजून संपलेल्या नाहीत. ठेलेवाल्यानं आपला ट्रान्झिस्टर पावसाच्या भीतीनं फडक्यात गुंडाळून ठेवलाय. त्या ट्रान्झिस्टरकडे नीट बघून घ्या. पुढं तो लागणार आहे.

गाडी येते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता विचारतो, "कुठी चालले जी?"

"मुंबईले. पिच्चर पाहाले."

"पिच्चर पाहाले मुंबईले? येईन ना तो इकडं बी!"

येईल, पण तुम्हाला थांबवत नाही. कारंज्याला उतरून तुम्ही शकुंतला पकडता. चिंचोळे रूळ, वाफेचं इंजिन. वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली ही लाइन. मूर्तिजापूरला मोठी गाडी मिळते आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दादरला उतरता.

मुंबई थकलेली दिसते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानं गिरण्यांचे भोंगे गप्प केलेत. नाक्यावर हवालदार उभा आहे, त्याच्याकडेही बघा. गेल्या वर्षी १८ ऑगस्टला या शहराचे पोलीसच संपावर गेले होते आणि सरकारला लष्कर बोलवावं लागलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत वडाळ्याला गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. 'एन्काउंटर' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळू लागलाय. वर्दीबद्दल लोकांच्या मनात राग आहे आणि तिच्याकडूनच अपेक्षाही आहे. अशा वेळी गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' पडद्यावर येतो.

तुम्ही अंधारात खुर्ची शोधता. चित्रपट हिंदी, पण हाडामांसानं मराठी: श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरचा, विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर म्हणजे ओम पुरी. त्याला कॉलेजनंतर पुढं शिकायचं होतं. गावाकडच्या पोलिसातून निवृत्त झालेल्या बापानं त्याला या नोकरीत ढकललं. हा बाप, अमरीश पुरी, बायकोवर हात उचलायचा आणि लहानगा अनंत हतबल होऊन बघत राहायचा. ते दृश्य आलं की शेजारचा प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करतो. असं घर त्याला परकं नसावं.

मग अनंत गुंडांना धरतो, बडवतो. थिएटरात शिट्ट्या. तुम्हीही वाजवता. मटकेवाला रामा शेट्टी समोर येतो तेव्हा मात्र सगळे गप्प होतात. नगरचे सदाशिव अमरापूरकर आवाज न चढवता नुसत्या नजरेनं माणूस गार करतात. शेट्टीला हात लावायची परवानगी अनंतला मिळत नाही. जिवावर उदार होऊन पकडलेल्या डाकूचं श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या नावावर जातं. स्मिता पाटीलची ज्योत्स्ना त्याच्यापासून लांब होत जाते. राग साचतो, त्यावर दारू पडते.

आणि लॉकअपमध्ये एक भुरटा चोर येतो. त्यानं चोरलाय एक ट्रान्झिस्टर. अनंत त्याला मारतो, मारत राहतो. आता शिट्टी नाही. हेच हात, हाच आवेश, पण समोर रामा शेट्टी नाही. ज्याच्यामागं कुणी नाही असा माणूस आहे. तो मरतो. मानोऱ्याच्या पानठेल्यावर फडक्यात गुंडाळलेल्या वस्तूएवढी त्याच्या जिवाची किंमत ठरते. निलंबित झालेला अनंत शेवटी मदतीसाठी शेट्टीच्याच दारात जातो, तिथला अपमान सोसत नाही, त्याचा गळा दाबतो आणि ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो.

आता वर्ष आणि चित्रपट बदला. १९८९, टोकियो. कॉमेडियन म्हणून घराघरांत माहीत असलेला ताकेशी कितानो पहिल्यांदाच दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसलाय आणि कॅमेऱ्यासमोर तोच डिटेक्टिव्ह अझुमा आहे. पोरांचं टोळकं एका बेघर म्हाताऱ्याला मारतं. अझुमा त्यातल्या एकाच्या घरात शिरून त्याला बदडतो. तुमची बोटं पुन्हा ओठांकडे जातात. पण हा माणूस कुठंच थांबत नाही. शेवटी प्रेतं पडतात, आणि कालचा नवखा सहकारी ड्रग्जवाल्यांच्या पैशाच्या वाटेवर जाऊन उभा राहतो. अझुमाच्या मारानं काहीच साफ झालेलं नाही.

आणखी चाळीस वर्षं मागं चला. १९४९, युद्धानं मोडलेलं टोकियो, अंगाची काहिली करणारा उन्हाळा. अकिरा कुरोसावांच्या 'स्ट्रे डॉग'मध्ये तरुण डिटेक्टिव्ह मुराकामीचं सात गोळ्यांचं पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये चोरीला गेलंय. त्यातून सुटलेल्या प्रत्येक गोळीचा दोष तो स्वतःवर घेतो. ते पिस्तूल ज्याच्या हाती पडलं तोही त्याच्यासारखाच युद्धावरून परतलेला, सर्वस्व लुटलं गेलेला. मुराकामी त्याला चिखलात लोळवतो, पण मारत नाही. जिवंत धरून बेड्या घालतो. माझ्या मते पडद्यावरचा सगळ्यात धाडसी पोलीस हाच, कारण त्याला आपल्या हातातल्या ताकदीची भीती वाटते.

आता आजच्या मानोऱ्यात या. मधल्या काळात कायद्यानं काही पावलं टाकली आहेत. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं: अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं व्हावा, नातेवाइकाला कळवावं, कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. या नियमांची गरज रामा शेट्टीला पडत नाही, त्याच्याकडे वकील असतो. ते ट्रान्झिस्टर चोरणाऱ्यासाठी आहेत.

मोकाट पोलीस आभाळातून पडत नाही. घरातला मार, वरिष्ठांचं झुकणं, श्रेयाची चोरी आणि आपल्या शिट्ट्या यांतून तो घडतो. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कदाचित तुमच्या हातात नसतील. चौथी आहे. तेव्हा गावातला कुणी पोरगा ठाण्यात नेला गेला, तर "दोन फटके पडूच द्या" म्हणू नका. त्याच्या घरच्यांना सोबत घ्या, ठाण्यात जा आणि अटकेचा कागद मागा.