हिमप्रदेशातील परसदारच्या कोंबड्या : थंडीपेक्षा ओल अधिक घातक

उत्तर अमेरिकेत परसदारी कोंबड्या पाळणे ही काही नवी गोष्ट नाही. शहरी वस्तीत मात्र ही प्रथा गेल्या दोन दशकांत नव्याने रुजली. विस्कॉन्सिन राज्याची राजधानी असलेल्या मॅडिसन शहराने २००४ मध्ये घरामागे कोंबड्या पाळण्यास परवानगी दिली. पुढे अमेरिका व कॅनडातील इतरही अनेक शहरांनी आपले नियम शिथिल केले. कोंबड्या मोजक्याच असाव्यात आणि आरवणारा कोंबडा नसावा, ही अट बऱ्याच ठिकाणी आढळते. २०२२ नंतर बर्ड फ्लूच्या साथीमुळे अमेरिकेत अंड्यांचे भाव भडकले, तेव्हा या हौसेला आणखी चालना मिळाली.

मिनेसोटा, व्हरमाँट किंवा क्वेबेक यांसारख्या प्रदेशांत हिवाळा चार-पाच महिने ठाण मांडून बसतो. पारा उणे २० अंश सेल्सियसच्याही खाली जातो आणि अंगणात गुडघाभर बर्फ साचते. अशा थंडीत ही मुकी पाखरे जगतील कशी, ही चिंता नव्या पालकाला पहिल्याच वर्षी ग्रासते. खुराड्याच्या साऱ्या फटी बुजवाव्यात, दारे-खिडक्या घट्ट लावाव्यात आणि आत उष्णतेचा दिवा टांगावा, हा त्यावर सुचणारा पहिला उपाय. तो सद्हेतूनेच केलेला असतो. परंतु हिवाळ्यातील पुष्कळशी हानी नेमकी त्यातूनच ओढवते.

निसर्गाने दिलेले पांघरूण

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. बाहेरच्या पिसांखाली मऊ लवेचा थर असतो. थंडी वाढली की कोंबडी पिसे फुलवते आणि त्यांत कोंडली गेलेली हवा रजईचे काम करते. पक्ष्यांच्या पायांत उष्ण रक्त खाली नेणाऱ्या आणि थंड रक्त वर आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना लागून असतात. खाली जाणाऱ्या रक्तातील उष्णता वर येणाऱ्या रक्ताला मिळते, त्यामुळे ती पायांवाटे फारशी वाया जात नाही. रात्री कोंबड्या दांडीवर एकमेकींना खेटून बसतात, पाय पोटाखाली घेतात आणि चोच पाठीवरच्या पिसांत खुपसतात.

थंडीची सवय झालेली, पूर्ण वाढलेली व निरोगी कोंबडी शून्याखालचे तापमान सहज सोसते. अपवाद आहेत ते लहान पिले, आजारी पक्षी आणि पिसे झडण्याच्या काळातील कोंबड्या यांचे. त्यांची व्यवस्था वेगळी करावी लागते. हौसेने विणून अंगावर चढवलेला स्वेटर मात्र कुठल्याच निरोगी कोंबडीला उपयोगाचा नाही. त्याने पिसे दबतात, हवेचा थर नाहीसा होतो आणि लोकर भिजल्यास अंग अधिकच गारठते.

खरा शत्रू ओलावा

एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. म्हणजे १० कोंबड्यांच्या पोटात रोज अडीच लिटरच्या आसपास पाणी जाते. अंड्यात जाणारा भाग वगळला, तर उरलेले बहुतेक पाणी विष्ठेतून आणि श्वासातून खुराड्यातच बाहेर पडते. खुराडे हवाबंद असेल तर ही वाफ कोंडते, भिंतींवर व काचेवर दवासारखी जमते आणि कोंबडीच्या तुऱ्यावरही साचते. तुरा आणि चोचीखाली लोंबणारे मांसल लोलक यांवर पिसे नसतात. ओले झालेले हे भाग गोठू लागतात आणि हिमदंश होतो. भिजलेल्या पिसांतील हवेचा थरही नाहीसा होतो. म्हणूनच कोरड्या खुराड्यात जी थंडी कोंबडी निभावून नेते, तीच थंडी दमट खुराड्यात तिच्या जिवावर बेतू शकते.

कोंडलेल्या खुराड्यातील दुसरा धोका अमोनिया वायूचा. ओल्या विष्ठेतून निघणारा हा वायू डोळे आणि श्वासनलिका यांना इजा करतो व श्वसनाच्या रोगांना वाट करून देतो. खुराड्यात कोंबड्यांच्या उंचीइतके वाकून श्वास घ्यावा. नाक झोंबले वा डोळे चुरचुरले, तर हवा पुरेशी खेळती नाही असे खुशाल समजावे.

हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. प्रिन्स टी. वुड्स यांचे ‘ओपन-एअर पोल्ट्री हाऊसेस फॉर ऑल क्लायमेट्स’ हे पुस्तक १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कडक हिवाळ्यातही समोरची बाजू केवळ जाळीने झाकलेल्या, खोल खुराड्याचा पुरस्कार त्यांनी केला. कोंबड्या मागच्या बाजूला, वाऱ्याच्या झोताबाहेर बसतात आणि दमट हवा मोकळेपणी बाहेर पडते, हे त्यामागचे तत्त्व होते.

खुराड्याची रचना

खेळती हवा आणि वाऱ्याचा झोत यांत फरक आहे. उष्ण, दमट हवा वर चढते. म्हणून झरोके छपराच्या कडेखाली, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा उंचावर असावेत. दांडीच्या पातळीवर मात्र झोत येता कामा नये. तेथे कागदाची पातळ पट्टी टांगून पाहावी. ती फडफडत असेल, तर खालची फट शोधून बुजवावी. झरोके बर्फाने बुजले नाहीत ना, हे प्रत्येक वादळानंतर पाहावे लागते.

दांडी लाकडाची आणि सुमारे ९ सेंटिमीटर रुंद, सपाट असावी. कोंबडी तीवर पाऊल पसरून बसते आणि बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. धातूची दांडी टाळावी, कारण ती पायांतील उष्णता खेचून घेते.

जमिनीवर लाकडाच्या भुशाची वा कोरड्या पेंढ्याची १५ ते ३० सेंटिमीटर जाडीची गादी घालावी. ती वरचेवर खालीवर करावी, ओला झालेला भाग काढून टाकावा आणि वर नवा भुसा पसरावा. अशी गादी ओल शोषते आणि खालच्या थरातील विघटनातून थोडीफार उष्णताही मिळते.

दिव्याचा धोका

बाजारात मिळणारे उष्णतेचे दिवे बहुधा २५० वॅटचे असतात. खाली कोरडा भुसा, हवेत धूळ व पिसे आणि वर तापलेला दिवा, ही आगीची तयारीच म्हणावी लागेल. कोंबडी उडून धडकली, साखळी निसटली किंवा उंदराने तार कुरतडली, तरी खुराडे पेट घेऊ शकते. अशा आगी घरापर्यंतही पोहोचल्या आहेत. शिवाय दिव्याच्या उबेला सरावलेल्या कोंबड्या हिमवादळात वीज गेल्यावर एका रात्रीत कडाक्याच्या थंडीत सापडतात. ऊब देणे अपरिहार्य असेल, तर पृष्ठभाग फारसा न तापणारे सपाट तापक पटल वापरणे त्या मानाने सुरक्षित ठरते.

पाणी आणि दाणा

हिवाळ्यात पालकाचे सर्वाधिक श्रम खर्च होतात ते पाण्यावर. पाणी गोठले की कोंबडी दाणा कमी खाते, आणि दाणा कमी झाला की शरीरात ऊब निर्माण होत नाही. कोंबड्या बर्फ टोचतात हे खरे. परंतु पाण्याला तो पर्याय नव्हे. वीज असेल तेथे तापणाऱ्या बैठकीचे भांडे वापरावे. वीज नसल्यास रबरी घमेली दोन ठेवावीत. एकातले पाणी गोठले की ते उलटे करून बर्फ झटकावे आणि दुसरे भरून ठेवावे. हे काम दिवसातून दोन-तीनदा करावे लागते. पाण्याचे भांडे शक्यतो खुराड्याबाहेर, आडोशाला ठेवावे. आत सांडलेले पाणी पुन्हा ओलच वाढवते.

अंड्यावरील कोंबडी एरवी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. थंडीत ही भूक वाढते. नेहमीचे संतुलित खाद्य दिवसभर समोर असावे. संध्याकाळी दांडीवर चढण्यापूर्वी मूठभर भरडलेला मका द्यावा, म्हणजे रात्री पचनाच्या क्रियेतून ऊब मिळत राहते. केवळ मक्यावर मात्र भर देऊ नये. त्यात प्रथिने कमी असतात आणि कोंबडीच्या अंगावर चरबी चढते.

अंडी आणि उजेड

हिवाळ्यात अंडी घटतात ती मुख्यतः थंडीमुळे नव्हे, तर उजेड कमी झाल्यामुळे. अंडी नियमित येण्यासाठी १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर माँट्रियलमध्ये जेमतेम पावणेनऊ तासांचा. कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे मराठीत म्हणतात. येथे तांबडेच उशिरा फुटते आणि त्याच्या पाठोपाठ अंडेही थांबते. अंडी हवीच असतील, तर कमी वॅटचा साधा दिवा पहाटे ठरावीक वेळी लावावा. संध्याकाळी तो लावल्यास विझताक्षणी कोंबड्यांना अंधारात दांडी सापडत नाही. उजेड न वाढवता कोंबड्यांना विश्रांती देणारे पालकही पुष्कळ आहेत.

मिळालेली अंडी लवकर गोळा करावीत. अंड्यातील द्रव गोठला की प्रसरण पावतो आणि कवच तडकते. तडकलेले अंडे खाण्यात वापरू नये.

बर्फाळ अंगण

कोंबड्या ताज्या बर्फात पाऊल टाकायला कचरतात. दारापुढची वाट फावड्याने मोकळी करून तीवर पेंढा पसरला, की त्या आपणहून बाहेर येतात. दार उघडे ठेवावे आणि जाणे-न जाणे त्यांच्यावर सोपवावे. बोचऱ्या वाऱ्याच्या दिवशी मात्र त्यांना आत ठेवणेच बरे. जाळीच्या अंगणाला वाऱ्याच्या बाजूने पारदर्शक प्लॅस्टिक लावले, तर आडोसाही होतो आणि ऊनही मिळते. वर आच्छादन असल्यास त्यावरचे बर्फ वेळेवर झाडावे, अन्यथा त्या भाराने ते कोसळते.

दिवसेंदिवस कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. कोबीचा गड्डा दोरीने टांगावा, गादीत थोडे दाणे विखरावेत, जास्तीच्या दांड्या लावाव्यात, म्हणजे त्यांना उद्योग मिळतो. कोरडी माती व वाळू भरलेले खोकेही आत असावे. जमीन गोठल्यावर धूलिस्नानाची दुसरी सोय नसते आणि थंडीच्या दिवसांत पिसांतील गोचिडींसारखे सूक्ष्म कीटक वाढतात.

हिमदंश झाल्यास

तुऱ्याचे टोक प्रथम फिकट पडते व पुढे काळे होते. तो भाग चोळू नये, शेकोटीपुढे धरू नये आणि काळे टोक कापूही नये. त्याखाली जिवंत पेशी सावरत असतात. कोंबडीला पुन्हा गोठणार नाही अशा जागी हलवून तो भाग कोमट पाण्याने हळूहळू सैल होऊ द्यावा. सूज, स्राव किंवा लंगडणे दिसल्यास पशुवैद्याला दाखवावे. तुऱ्याला पेट्रोलियम जेली लावण्याची पद्धत प्रचलित आहे. पण खुराडे दमट असेल तर तीवर विसंबता येत नाही.

जातीची निवड

भारतीय कुक्कुटपालकांना परिचित असलेल्या व्हाइट लेगहॉर्नचा तुरा उंच व पातळ असल्याने त्याला हिमदंशाचा धोका अधिक. यावर उपाय म्हणून क्वेबेकमधील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रेड शातलँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नवी जात घडवण्यास घेतली. कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट आणि प्लिमथ रॉक यांच्या संकरातून ‘शांतक्लेर’ ही जात तयार झाली. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली. तिचा तुरा डोक्याला चिकटलेल्या लहानशा गादीसारखा असतो आणि लोलक नावापुरतेच. तिच्या पूर्वजांतील कॉर्निश जातीत भारतातील लढाऊ असील कोंबड्याचे रक्त आहे. ओहायोतील नेटी मेटकाफ यांनी विकसित केलेली ‘बकआय’ ही जातही बुटक्या तुऱ्याची व थंडीला काटक आहे. ‘ब्रह्मा’ ही भारदस्त जातही तशीच. मात्र तिच्या पायांवर पिसे असतात. त्यांत बर्फाचे गोळे अडकतात, ते वेळीच काढावे लागतात.

रोग आणि शत्रू

बर्फात अन्न दुर्मिळ झाले की कोल्हा, रॅकून व मुंगुसाच्या चणीचा वीझल खुराड्याकडे वळतात. साधी कुक्कुटजाळी त्यांना अडवू शकत नाही. अर्ध्या इंचाच्या छिद्रांची जाड तारेची जाळी झरोक्यांनाही लावावी. २०२१ च्या अखेरीस एच५एन१ बर्ड फ्लू उत्तर अमेरिकेत पोहोचला आणि २०२२ पासून परसातील कळपही त्याला बळी पडले. वन्य बदके व हंस हा विषाणू वाहून आणतात. म्हणून दाणा-पाणी छपराखाली ठेवावे, खुराड्यासाठी वेगळी पादत्राणे वापरावीत आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी शिवू नये.

भारतातही काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलां’ हा कडाक्याचा काळ येतो. तेथील ‘काश्मीर फेव्हरोला’ ही कोंबडीची जात देशाच्या नोंदणीकृत जातींपैकी आहे. प्रदेश बदलला तरी नियम तेच राहतात. सकाळी दार उघडताच काचेवर दव नसावे, नाकाला अमोनिया झोंबू नये, गादी हाताला कोरडी लागावी, पाणी गोठलेले नसावे आणि कोंबड्यांनी दाण्याकडे धाव घ्यावी. एखादी अंग आखडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी असेल, तर तिला त्याच दिवशी वेगळे करून तपासावे. एवढे साधले तर खुराड्यातला पारा शून्याखाली असला, तरी कोंबड्या वसंत ऋतू पाहतात.