हातोडी कोन बोलते?

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना अकोल्याला जठार पेठेतल्या आमच्या घरी त्याने मला विचारलं होतं, "आई, हातोडी कोन बोलते?" टीव्हीवर 'निंजा हातोडी' चालू होतं. मी स्वयंपाकघरातूनच सांगून टाकलं, "असेल कोणीतरी पोरगा." नंतर कुतूहलाने शोधलं, तर तो पोरगा नव्हता. हातोडीचा हिंदी आवाज एका मराठी बाईचा होता, मेघना एरंडे यांचा.

मला दचकायला झालं, त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

आधी मागे जाते. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. मी तेव्हा नऊ वर्षांची. मूळ मालिका जपानी, १९८९ची. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी मधल्या सुट्टीत मुलं शेरखानच्या नव्हे, नानाच्याच आवाजात गुरगुरायची. पण मोगलीचा आवाज कुणाचा, असं कुणी विचारलं नाही. ज्या आवाजाला सिनेमातला चेहरा होता त्याचंच नाव आमच्यापर्यंत आलं. बाकीचे आवाज जंगलातले होते, जंगलातच राहिले.

हा प्रकार काही आपल्याच देशातला नाही. १९३७च्या डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'मध्ये नायिकेचा आवाज एड्रियाना कॅसेलोटी या तरुण मुलीचा होता. तिला ९७० डॉलर मिळाले, आणि पडद्यावरच्या नामावळीत तिचं नाव नव्हतं.

आपल्याकडे चित्रपटाला लागलेला बालआवाज म्हटला की मला आधी 'एक अनेक और एकता' आठवतो. १९७४चा, जेमतेम सात मिनिटांचा. तो केला विजया मुळे यांनी, संगीत वसंत देसाईंचं, चित्रं भीमसेन यांची. त्यातला कोवळा आवाज साधना सरगम यांचा मानला जातो. त्या जन्मल्या १९६९ साली, कोकणात दाभोळला. म्हणजे चित्रपट झाला तेव्हा त्या पाचेक वर्षांच्या. मराठी बाईने केलेला, मराठी संगीतकाराचा, मराठी मुलीच्या गळ्यातला हा चित्रपट हिंदीत आहे, आणि आमच्या पिढीतल्या कित्येकांना हिंदीतला 'अनेक' हा शब्द तिथून कळला.

पण पाच वर्षांच्या मुलीचा आवाज एका गाण्यापुरता चालतो. शेकडो भागांच्या मालिकेला तो पुरत नाही. मुलगे मोठे होतात, त्यांचा आवाज फुटतो आणि पात्र मात्र पडद्यावर दहा वर्षांचंच राहतं. म्हणून जगभर कार्टूनमधले मुलगे मोठ्या बायका बोलतात. जपानमध्ये १९८१ साली सुरू झालेल्या हातोडीच्या मालिकेत त्याचा आवाज जुन्को होरी यांचा होता. दोरेमॉनचा आवाज १९७९ ते २००५ नोबुयो ओयामा यांचा. हिंदीत तो सोनल कौशल यांनी दिला, सुरुवात केली तेव्हा त्या स्वतः शाळकरी मुलगी होत्या. मेक्सिकोत लॉरा तोरेस या बाईने 'ड्रॅगन बॉल'मधला छोटा गोकू स्पॅनिशमध्ये बोलला, पुढे त्याची दोन्ही मुलंही तिनेच बोलली. बाप लहानपणी आणि मुलं त्यांच्या लहानपणी, सगळे एका बाईच्या गळ्यात. आमच्याकडे याला वंशावळ म्हणायचं की काय!

मेघना एरंडे यांनी हातोडीखेरीज नॉडीही हिंदीत बोलला आहे. दोन्ही पात्रं मी मुलाच्या निमित्ताने लागोपाठ ऐकली. नॉडी लाकडी बाहुला, त्याच्या आवाजात सतत नवल असतं, वाक्याचं टोक वर जातं. हातोडी पोर असूनही थंड डोक्याचा. त्याचं वाक्य सपाट सुरू होतं आणि खाली येऊन बसतं, घरातल्या थोरल्या मुलासारखं. आवाज बारीक करणं ही यातली सोपी गोष्ट. अवघड ते हे, की बारीक केलेल्या आवाजात घाबरायचं, चिडायचं, धाप टाकायची आणि तरी तो तोच मुलगा वाटला पाहिजे. उडी, आपटणं, घास गिळणं यांचे शब्द नसलेले आवाजही तिथे माइकसमोर उभं राहूनच काढायचे असतात. समोर बहुतेक वेळा दुसरं कुणी नसतं. कानात मूळ भाषा, डोळ्यांसमोर चित्र, हातात हिंदी संवादाचा कागद.

जपानी कार्टून हिंदीत चपखल बसतात, याला माझ्या मते एक साधं कारण आहे. जपानीत क्रियापद शेवटी येतं, हिंदीतही, मराठीतही. पात्र जिथे थांबून वाक्य पुरं करतं, तिथेच आपलंही पुरं होतं. इंग्रजीचं तसं नाही, तिथे क्रियापद आधीच बोलून झालेलं असतं आणि भाषांतर करणाऱ्याला कसरत करावी लागते.

आता ते दचकण्याचं कारण. २००४ साली बी.ए. झाल्यावर मी मुंबईला मावशीकडे सहा महिने होते. आवाज बरा आहे, असं अकोल्यात सगळे म्हणायचे, म्हणून एका स्टुडिओत आवाजाची चाचणी द्यायला गेले. हिंदीचा कागद वाचला. काचेपलीकडच्या माणसाने सांगितलं, हिंदीत मराठी येतंय. मग मराठीचा कागद दिला. वाचला. तो हसला आणि म्हणाला, मॅडम, मराठीत वऱ्हाड येतंय. माझा 'ण' 'न' निघाला होता, 'ळ' कुठेतरी 'य'कडे झुकला होता. मी जिना उतरून आले आणि परत कुठे गेले नाही. मावशीला सांगितलं, जागा भरली होती.

बरीच वर्षं मला तो माणूस चुकला असं वाटायचं. नंतर वाटू लागलं, तो त्याच्या धंद्याचा नियम सांगत होता. मेक्सिकोत डबिंगसाठी 'तटस्थ स्पॅनिश' म्हणून एक भाषा घडवली गेली. बोगोटाला, लिमाला, सगळीकडे चालेल अशी, कुठल्याच गल्लीत न बोलली जाणारी. एकच ध्वनिपट अनेक देशांत विकायचा तर गल्ली पुसावीच लागते. लॉरा तोरेसचा गोकू असाच कुठलाच नसलेला मुलगा आहे. पण डिस्नेने २००४च्या 'द इन्क्रेडिबल्स'ची अर्जेंटिनासाठी वेगळी आवृत्ती केली, तिथल्या बोलीतल्या 'तू'सकट. म्हणजे गल्ली परवडते, गिऱ्हाईक दिसलं की.

वऱ्हाडीला ते गिऱ्हाईक अजून दिसलेलं नाही. अलीकडे काही बालवाहिन्यांवर मराठी ध्वनिपट निवडता येतो, तो पुस्तकी मराठीत. मोबाइलवर फिरणारे वऱ्हाडी डबिंगचे तुकडे पाहिले आहेत, पण त्यात बोली ही स्वतःच विनोद असते. शहाणा, शांत, मित्राला वाचवणारा मुलगा 'मले' आणि 'तुले' म्हणतो आहे, असं एकही चित्र मी पाहिलेलं नाही. याचा मला राग येतो, आणि तो का येतो हे सांगायला तेराव्या शतकात जावं लागतं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र', अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झाला. तो ग्रंथ म्हणजे चक्रधरांची बोलणी जशीच्या तशी जपण्याची धडपड. बोललेलं बोललेल्यासारखं उतरवायची ती कामगिरी ज्या मुलखात झाली, त्याच मुलखाचा उच्चार काचेपलीकडे नापास होतो.

मेघना एरंडेंच्या हिंदीत मी मराठी खूप शोधली. एखादा 'च' तरी, एखादं लांबलेलं अक्षर तरी. सापडली नाही. मला त्याचं कौतुकही वाटलं आणि थोडं वाईटही. मला जमलं नाही ते त्यांना जमलं, एवढाच त्याचा अर्थ असावा.

माझ्या मुलाची हिंदी आमच्या घरात सगळ्यांत चांगली झाली, ती या आवाजांमुळे. शाळेत तो पुस्तकी मराठी बोलू लागला, घरी तिचंच. वऱ्हाडी उरली ती आजीपुरती. आजी म्हणजे माझी सासू, बाळापूरकडची. तिला हिंदी बाजारापुरती येते, कार्टूनची भरधाव हिंदी कळत नाही. दुपारी ती नातवाशेजारी वाती वळत बसायची आणि अधूनमधून विचारायची, "काय म्हन्ते रे ते पोट्टं?"

पोरगा आधी वैतागायचा. मग एक दिवस त्याने रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि पडद्याकडे बघत स्वतःच बोलू लागला, हातोडीचा बारीक, थंड आवाज काढून: "मी हाय ना संग. तू कायले भेतं?" हातोडीचं तोंड मिटलं तेव्हा त्याचं वाक्य अर्ध्यात होतं. आजीने वाती खाली ठेवल्या आणि म्हणाली, "हं, मंग?"