गोवळकोंड्याचे हिरे : दंतकथा आणि इतिहास

गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची कीर्ती देशोदेशी पसरली. परंतु गोवळकोंड्याच्या डोंगरात हिऱ्याची खाण नव्हती. तो कुतुबशाहीचा किल्ला आणि हिऱ्यांची पेठ. खाणी होत्या त्या कृष्णेच्या खोऱ्यात. त्यांपैकी सर्वांत नामांकित अशी कोल्लूरची खाण नदीच्या उजव्या तीरावर, आजच्या आंध्र प्रदेशात होती. १७२५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये हिरे सापडले. तोपर्यंत जगाच्या बाजारातील बहुतेक हिरा हिंदुस्थानातूनच जात असे.

इतकी दुर्मीळ वस्तू कोठून येते, याचे कुतूहल प्राचीन काळापासून होते. गरुडपुराणातील कथेप्रमाणे बलासुराने यज्ञात देह दिला, तेव्हा त्याच्या अस्थींचे हिरे झाले, रक्ताची माणके झाली आणि दातांचे मोती झाले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत ही उत्पत्ती नोंदवली आहे. काहींच्या मते रत्ने दधीची ऋषीपासून झाली, हेही तो सांगतो. त्यापुढे तिसरे मत देतो ते असे, की रत्नांचे वैचित्र्य हा भूमीचाच स्वभाव होय. भूगर्भशास्त्राने पुढे कौल दिला तो या तिसऱ्या मतालाच. हिरा म्हणजे पृथ्वीच्या पोटात, सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल, प्रचंड दाबाखाली स्फटिकरूप झालेला कार्बन होय.

परदेशी लोकांत दुसरीच कथा रूढ होती. सर्पांनी भरलेल्या खोल दरीत हिरे पडलेले असतात. वरून मांसाचे तुकडे फेकावेत, हिरे त्यांना चिकटतात, गरुड ते उचलून वर आणतात, आणि माणसांनी ते हिसकावून घ्यावेत! सिंदबादच्या सफरीत ही दरी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनेही आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्लीच्या प्रदेशाचे वर्णन करताना ती सांगितली. एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल याने या कथेची एक उपपत्ती सुचवली. खाण उघडताना जनावराचा बळी देण्याची चाल होती. ते मांस घारी-गिधाडे उचलून नेत, आणि ते पाहणाऱ्या परक्यांनी त्यातून कथा रचली असावी.

या कथेत गरुड आहे, सर्प आहे; खणणारा माणूस मात्र नाही. तो दिसतो झां बाप्तीस्त ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या, १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात. कोल्लूरला त्याला सुमारे साठ हजार माणसे कामावर असल्याचे सांगण्यात आले. पुरुष खणत, बायका व मुले माती वाहत. माती पाण्यात कालवून वाळवीत, धान्यासारखी सुपाने पाखडीत आणि उरलेले खडे हातांनी निवडीत. गोवळकोंड्याहून पाच दिवसांच्या वाटेवरील दुसऱ्या एका खाणीविषयी तो लिहितो, की जाणत्या मजुरालाही वर्षाला तीनच होन मिळत, आणि दर पन्नास मजुरांवर बारा-पंधरा पहारेकरी असत. मोठा हिरा हाती लागल्यास बक्षीस म्हणजे शिरपाव : पागोट्याचे कापड आणि वर थोडे पैसे.

याच ताव्हर्नियेने १६६८ मध्ये एक मोठा निळा हिरा फ्रान्सच्या चौदाव्या लुईला विकला. त्यातूनच घडलेला ‘होप’ हिरा १९५८ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच्याभोवतीही दंतकथा जमली : ताव्हर्नियेने तो मूर्तीच्या डोळ्यातून चोरला आणि शापाने त्याला कुत्र्यांनी फाडून खाल्ले! प्रत्यक्षात, मूर्तीच्या चोरीला काडीचाही आधार नाही. आणि ताव्हर्निये ऐंशी वर्षे उलटल्यावर, १६८९ मध्ये मॉस्कोत वारला.

कोल्लूरची जुनी खाण आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेली आहे. हिऱ्यांच्या इतिहासात राजांची, जवाहिऱ्यांची, अगदी काल्पनिक शापांचीही नोंद आहे. पण ज्या हातांनी ते खडे मातीतून प्रथम निवडले, त्यांतील एकाचेही नाव ताव्हर्नियेच्या पानांत नाही.